एटी, ओके : मोडेमला टंकून दिलेल्या आज्ञांचा इतिहास

मोडेमला आज्ञा देण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे ‘एटी’ या दोन रोमन अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ. ही अक्षरे ‘अटेन्शन’ या शब्दाची आहेत. त्यांच्यापुढे डायल कर, फोन उचल, फोन ठेव, अमुक इतके सेकंद थांब अशी एकेका अक्षराची कामे लिहायची आणि एन्टर दाबायचे. मोडेम ओळ पाळतो आणि ‘ओके’, ‘कनेक्ट’, ‘बिझी’, ‘एरर’ अशा एखाद्या शब्दात उत्तर देतो. ‘एटीडीटी’ म्हणजे स्वरांनी डायल कर, ‘एटीडीपी’ म्हणजे स्पंदांनी डायल कर, ‘एटीएच’ म्हणजे फोन ठेव, ‘एटीझेड’ म्हणजे मूळ स्थितीवर ये. आज्ञा रोमन अक्षरांत टंकल्या जातात. पुढे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

या आज्ञा अमेरिकेत, तिथल्या टेलिफोनसाठी ठरल्या. भारतात त्या आल्या तेव्हा इथल्या तारा, केंद्रे, स्वर आणि खर्च वेगळे होते, आणि परदेशी मोडेमला ते समजावून सांगण्याची जागा एकच होती : हीच ओळ. १९८०-९०च्या दशकांत भारतीय वापरकर्त्यांनी ‘एटी’च्या पुढे काय काय लिहिले हे पाहिले, तर त्या काळच्या भारतीय टेलिफोनचे बरेचसे वर्णन त्यात सापडते.

टेलिफोनच्या तारेसाठी आवाजाच्या पट्ट्यातला संकेत लागतो. संगणकाचे शून्य आणि एक तसेच्या तसे त्यावरून दूरवर जात नाहीत. त्यांचे स्वरांत रूपांतर करणे आणि पलीकडे स्वरांचे पुन्हा शून्य-एक करणे, हे मोडेमचे काम. अमेरिकेत बेल कंपनीचा सेकंदाला ३०० बिट पाठवणारा ‘१०३’ मोडेम १९६२ मध्ये आला. पण क्रमांक फिरवणे हे मोडेमचे काम नव्हते. ते माणूस करीत असे, किंवा त्यासाठी एक स्वतंत्र यंत्र संगणकाला वेगळ्या केबलने जोडावे लागे. शिवाय टेलिफोन कंपनीच्या तारेला परके उपकरण जोडण्यास मनाई होती. कार्टरफोन नावाच्या अशाच एका परक्या उपकरणाबाबतच्या १९६८ च्या निकालाने ही मनाई सैल केली, तरी घरगुती वापरात बराच काळ ‘अकूस्टिक कपलर’च चालत राहिले. हे म्हणजे दोन रबरी वाट्या. हाताने क्रमांक फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर वाट्यांत बसवायचा. खोलीत कोणी मोठ्याने बोलले की अक्षरे बिघडत.

डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन हे अटलांटातील दोन अभियंते. त्यांनी १९७७ मध्ये घरगुती संगणकांसाठी मोडेम बनवायला सुरुवात केली. त्यांची पहिली उत्पादने संगणकाच्या आत बसणारी कार्डे होती; १९७९ चे ‘मायक्रोमोडेम टू’ ॲपल टू या संगणकासाठी होते. कार्ड संगणकाच्या पोटात असल्यामुळे प्रोग्राम थेट त्याच्याशी बोलू शके. अडचण अशी, की प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळे कार्ड करावे लागे. जवळपास सगळ्या संगणकांत समान असलेली एक गोष्ट होती, सीरियल पोर्ट. पण त्या पोर्टातून डेटा एका रांगेत, एकाच तारेने जातो. डायल कर ही आज्ञा आणि पलीकडे पाठवायचा मजकूर यांना दोन वाटा नाहीत.

१९८१ च्या ‘स्मार्टमोडेम’ने यावर काढलेला तोडगा म्हणजे आजची आज्ञापद्धती. मोडेमच्या दोन अवस्था मानल्या गेल्या. जोडणी झालेली नसताना तो आलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचतो. जोडणी झाल्यावर तीच अक्षरे मुकाट्याने पलीकडे पोचवतो. आज्ञा साध्या अक्षरांत असल्यामुळे त्या देण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागेना. टर्मिनल हाती असले की पुरे. मोडेमच्या डब्यात यासाठी एक छोटा प्रोसेसर होता, आणि मूळ यंत्रात आज्ञेसाठी जागा होती जेमतेम चाळीस अक्षरांची. आज्ञा एकेका अक्षराच्या असण्यामागे ही कंजुषीही आहे. त्या वाचायला सोप्या नाहीत, पण पाठ व्हायला सोप्या आहेत.

प्रत्येक ओळ ‘एटी’ने सुरू करण्यामागे मात्र निव्वळ लक्ष वेधणे नव्हते. संगणक कोणत्या वेगाने अक्षरे पाठवतो आहे हे मोडेमला आधी ठाऊक नसते. सीरियल पोर्टावर प्रत्येक अक्षराआधी एक आरंभ-बिट येतो, तो नेहमी शून्य असतो, आणि मग अक्षराचे बिट उजवीकडून डावीकडे जातात. ‘ए’चा संकेत १०००००१ आहे. म्हणजे आरंभीच्या शून्यानंतर लगेच एक येतो, आणि तो शून्य एकटा पडतो. तो किती वेळ टिकला हे मोजले की एका बिटाची लांबी कळते, म्हणजेच वेग कळतो. दुसरे अक्षर ‘टी’, संकेत १०१०१००. ‘ए’मध्ये दोन एक आहेत, ‘टी’मध्ये तीन, एक सम, एक विषम. संगणक चूक पकडण्यासाठी जोडतो तो पॅरिटी-बिट या दोन अक्षरांवर कसा आला हे पाहिले की तो सम नियमाने जोडला, विषम नियमाने, की नुसताच ठरावीक, हेही समजते. दोन्ही अक्षरे लहान लिपीत टंकली तरी हिशेब जुळतो, कारण तिथे तीन आणि चार एक येतात. पण एक मोठे आणि एक लहान अक्षर घेतले, तर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम होतात आणि पॅरिटी ओळखता येत नाही. ‘एटी’ दोन्ही मोठ्या किंवा दोन्ही लहान अक्षरांतच लिहावे, हा वरकरणी हट्टी वाटणारा नियम या मोजणीतून आला आहे.

जोडणी चालू असताना मोडेमला पुन्हा आज्ञा ऐकायला लावायचे कसे, हा खरा अवघड भाग होता. डेटात कोणतीही अक्षरे येऊ शकतात. जो संकेत ठरवावा तोच कधीतरी मजकुरात येणार. हेदरिंग्टनची युक्ती अक्षरांत नव्हती, शांततेत होती. एक सेकंद काहीही पाठवायचे नाही, मग ‘+++’ ही तीन चिन्हे, मग पुन्हा एक सेकंद शांतता. वाहत्या मजकुरात तीन अधिकचिन्हे येतील, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना अशी पोकळी सहसा येणार नाही. या कल्पनेचे अमेरिकी पेटंट ऑक्टोबर १९८५ मध्ये मंजूर झाले आणि हेझ कंपनीने इतर उत्पादकांकडून त्यासाठी परवाना-शुल्क मागितले. काहींनी ते दिले, काही न्यायालयात गेले, आणि काहींनी शांततेची अट वगळून टाकली : ‘+++’नंतर लगेच ‘एटी’ आले की आज्ञा समजायची. ही काटकसर महागात पडली. १९९८ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आले, की अशा मोडेमवर बसलेल्या माणसाला ‘+++एटीएच०’ हा मजकूर भरलेले पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, पाठवले, की त्याचा संगणक शिरस्त्याप्रमाणे तोच मजकूर परत पाठवतो, वाटेत त्याचाच मोडेम तो आज्ञा म्हणून वाचतो आणि फोन ठेवून देतो. एक सेकंदाची शांतता कशासाठी होती, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक सापडणे कठीण.

आज्ञांच्या जोडीला मोडेममध्ये ‘एस’ नावाची खाती होती, म्हणजे क्रमांक दिलेल्या छोट्या पेट्या. प्रत्येकीत एक आकडा. ‘एस०’मध्ये किती घंटा वाजल्यावर फोन उचलायचा ते, शून्य म्हणजे उचलायचाच नाही. ‘एस७’मध्ये पलीकडच्या मोडेमचा स्वर येईपर्यंत किती सेकंद धीर धरायचा ते. ‘एस८’मध्ये क्रमांकातल्या स्वल्पविरामासाठी किती थांबायचे ते, सहसा दोन सेकंद. ‘एस१०’मध्ये पलीकडचा स्वर हरवला तर लगेच फोन न ठेवता किती वाट पाहायची ते, सेकंदाच्या दहाव्या भागांत. ‘एस१२’मध्ये त्या शांततेची लांबी. मूळ यंत्रातल्या मोजक्या पेट्यांची संख्या पुढे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाप्रमाणे वाढवत नेली. ‘हेझ-सुसंगत’ असे खोक्यावर छापलेले दोन मोडेम साध्या आज्ञांपलीकडे एकमेकांशी जुळतीलच याची खात्री राहिली नाही, आणि मोडेमसोबत येणारी पुस्तिका जपून ठेवण्याची वस्तू झाली.

भारतात मोडेम आला तो दोन बंधनांत. पहिले कायद्याचे : १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली टेलिफोनच्या तारेवर मक्तेदारी सरकारची होती आणि तिला जोडायच्या उपकरणाला दूरसंचार खात्याची मान्यता लागे. दुसरे यंत्राचे. देशातली बरीच टेलिफोन केंद्रे स्ट्रोजर किंवा क्रॉसबार जातीची, विद्युत्-यांत्रिक होती. त्यांना बटणांचे स्वर कळत नसत. तबकडीचे स्पंद कळत. एकासाठी एक स्पंद, नवासाठी नऊ, शून्यासाठी दहा, सेकंदाला दहा या गतीने. त्यामुळे अमेरिकी पुस्तिकेतले ‘एटीडीटी’ जसेच्या तसे टंकणाऱ्याला इथे नुसती टुणटुण ऐकू येई आणि डायल टोन तसाच चालू राही. ‘टी’च्या जागी ‘पी’ घालणे ही भारतीय वापरकर्त्याची पहिली दुरुस्ती. स्पंदातही दोन रिवाज होते. तार किती वेळ तोडायची आणि किती वेळ जोडायची याचे प्रमाण अमेरिकेत ६१ ला ३९ असे आणि ब्रिटन, हाँगकाँगकडे ६७ ला ३३. हेझ पद्धतीत ‘&पी०’ आणि ‘&पी१’ अशा दोन आज्ञा त्यासाठी होत्या. भारतातली स्ट्रोजर केंद्रे ब्रिटिश घराण्यातली, म्हणून इथे दुसरी आज्ञा लागे.

संगणकाने संगणकाला फोन लावण्याची भारतातली पहिली नियमित घडी मुंबईत बसली. जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था १९८५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून वेगळी झाली; श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि खुद्द खाते अशा आठ संस्था होत्या. १९८६-८७ मध्ये जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेल सुरू झाली. १९८८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संस्थेशी पत्रव्यवहार जुळला आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूयूनेटशी सेकंदाला ९,६०० बिटांची भाड्याची तार. देशाचे ‘.इन’ हे डोमेन त्याच वर्षीच्या मे महिन्यात नोंदले गेले.

अशा टपालाचे वाहन होते यूयूसीपी, म्हणजे एका युनिक्स संगणकावरून दुसऱ्यावर फायली नकलण्याची पद्धत. ठरलेल्या वेळी एक संगणक दुसऱ्याला फोन लावतो, साठलेली पत्रे देतो, तिकडची घेतो आणि फोन ठेवतो. इथे आज्ञा टंकणारा माणूस नाहीसा होतो, पण आज्ञा तशाच राहतात. यूयूसीपीच्या फायलीत प्रत्येक मोडेमसाठी एक संवाद लिहिलेला असे, नाटकाच्या संहितेसारखा : मी ‘एटी’ म्हणेन, तू ‘ओके’ म्हणशील, मी डायलची ओळ देईन, तू ‘कनेक्ट’ म्हणशील, मग पलीकडचा संगणक ‘लॉगिन’ विचारेल, मी नाव सांगेन. अपेक्षित उत्तर आले नाही की नाटक तिथेच थांबे आणि पुढच्या खेपेला पुन्हा सुरू होई. या संहितांत ‘लॉगिन’ हा पूर्ण शब्द नसून त्याचे पहिले अक्षर गाळलेले दिसते. पलीकडून पहिले अक्षर मोठे येईल की लहान याचा भरवसा नसे, शिवाय जोडणीच्या खरखरीत ते गिळलेही जाई. माणसाने वाचण्यासाठी केलेली उत्तरे यंत्रानेही वाचावीत हे हेझच्या मोडेममध्ये आधीपासून गृहीत होते. ‘एटीव्ही०’ दिले की तो शब्दांऐवजी आकड्यांत उत्तर देई : ओकेसाठी ०, कनेक्टसाठी १, घंटा वाजली तर २, स्वर हरवला तर ३, चूक झाली तर ४. तरी संहिता लिहिणाऱ्यांनी बहुधा शब्दच पसंत केले, कारण बिघाड शोधताना माणसालाच ते वाचावे लागत.

सामान्य ग्राहकाच्या हाती आज्ञा आल्या १५ ऑगस्ट १९९५ ला. त्या दिवशी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे इंटरनेट सेवा सुरू केली. खाती दोन प्रकारची होती. ‘टीसीपी/आयपी’ खात्यावर चित्रांसह ब्राउझर चाले. त्याला वर्षाला २५० तासांसाठी व्यक्तीला १५,००० रुपये पडत. ‘शेल’ खात्यावर फक्त अक्षरे दिसत. ते बरेच स्वस्त होते आणि विद्यार्थ्यांना तर वर्षाला ५०० रुपयांत मिळे. भारतात मोडेमच्या आज्ञा हाताने टंकण्याचा मोठा काळ हा शेल खात्यांचा. टर्मिनलचा प्रोग्राम उघडायचा, ‘एटीझेड’ टंकून ‘ओके’ येते का पाहायचे, मग डायलची ओळ टंकायची. स्पंदांची टकटक, पलीकडची घंटा, दोन मोडेमांची एकमेकांना चाचपणारी किरकिर, आणि पडद्यावर ‘कनेक्ट ९६००’. त्यानंतर विदेश संचार निगमचा संगणक आपले नाव सांगे. मुंबईतल्याचे नाव होते ‘जीआयएएसबीएम०१’, मद्रासमधल्याचे ‘जीआयएएसएमडी०१’. ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांतही हीच अगम्य नावे वर्षानुवर्षे राहिली. अभिनेते शम्मी कपूर या सेवेच्या पहिल्या हौशी ग्राहकांपैकी. मुंबईत त्यांनी इंटरनेट वापरणाऱ्यांची संघटनाही उभी केली.

त्या दिवसांत सर्वांत जास्त वापरली गेलेली आज्ञा बहुधा ‘ए/’ असावी. तिचा अर्थ, मागची ओळ पुन्हा चालव. ‘+++’ सोडले तर हेझच्या आज्ञांत ही एकटीच अशी, की तिच्याआधी ‘एटी’ लागत नाही आणि नंतर एन्टरही नाही. गिऱ्हाईक वाढले, मोडेमच्या तारा मोजक्या, आणि ‘बिझी’ हे उत्तर नेहमीचे. तेव्हा दोन कळांत पुन्हा डायल होणे ही मोठीच सोय होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मोडेम मिळत. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंकचे उत्पादन होई. पण बहुतेक मोडेमांचा स्वभाव परदेशी राही. तो सर्वांत ठळक दिसे डायल टोनच्या बाबतीत. अमेरिकी डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा. भारतीय केंद्राचा स्वर ४०० हर्ट्झभोवतीचा, थरथरता, आणि जुन्या केंद्रांत तर खोल घरघरीसारखा. तारेवर स्वर असूनही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करी. यावरचा उपाय होता ‘एक्स३’ : डायल टोनची वाट न पाहता आंधळेपणाने डायल कर, बिझी मात्र ओळख. ही दोन अक्षरे ओळीत घालणे ही त्या काळच्या संगणक-दुरुस्तीवाल्यांची हमखास गुटी होती, आणि ती लागूही पडे. तारेत खरखर असेल तर ‘एस१०’ वाढवायचा, म्हणजे स्वर क्षणभर बुडाला तरी मोडेम लगेच फोन ठेवणार नाही. कचेरीतल्या खासगी बोर्डामागे फोन असेल तर आधी शून्य, मग बाहेरचा स्वर येईपर्यंत स्वल्पविराम, मग क्रमांक.

शहराबाहेर ओळ आणखी लांबत असे. तमिळनाडूत कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येते. टेलिफोनच्या नकाशावर हे गाव कुंभकोणमच्या ०४३५ या एसटीडी क्रमांकाखाली येते. १९९५ मध्ये इथून सर्वांत जवळचे इंटरनेट केंद्र म्हणजे मद्रास, क्रमांक ०४४. स्पंदांनी डायल करायचे तर ०, ४, ४ या तीनच अंकांना अठरा स्पंद, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. शिवाय दोन अंकांमधली थांबण्याची वेळ वेगळी, आणि पुढे मद्रासचा सात अंकी क्रमांक. उलट मुंबईहून इथे फोन लावायचा, तर ०४३५ चे बावीस स्पंद. एसटीडी जोडणी एका केंद्राकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जाई. कारखान्यातून तीस किंवा पन्नास सेकंदांवर बसवून आलेला ‘एस७’ तेवढ्यात संपे, आणि पलीकडे पहिली घंटा वाजते न वाजते तोच इकडचा मोडेम ‘नो कॅरिअर’ म्हणे. म्हणून ‘एस७=९०’. ओळ लांबण्यापेक्षा बिल लांबणे अधिक जाचक होते. खात्याचे तास वेगळे आणि एसटीडीचे मिनिटागणिक पैसे वेगळे, त्यामुळे गावातून इंटरनेट लावणारा माणूस रात्री उशिराच्या सवलतीच्या दराची वाट पाही, पत्रे आधी लिहून ठेवी, जोडणी होताच ती सोडून देई, आणि ‘+++’, शांतता, ‘एटीएच’.

शहर आणि गाव यांच्यातले हे अंतर मोडेमपेक्षा धोरणाने आणि नव्या टेलिफोन केंद्रांनी कमी झाले. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली होती. तिने ग्रामीण भागासाठी केलेले, भारतीय उष्णतेत वातानुकूलनाशिवाय चालणारे इलेक्ट्रॉनिक केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिल्यांदा बसले, आणि पुढच्या दशकात अशी केंद्रे गावोगाव गेली. तबकडीच्या जागी बटणे आली. ‘पी’ची जागा पुन्हा ‘टी’ने घेतली. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देता येऊ लागली, आणि १७२ ने सुरू होणारे क्रमांक स्थानिक कॉलच्या दरात लागू लागल्यावर ओळीतला एसटीडी क्रमांकही गळाला.

वेगही वाढत होता : १४,४००, मग २८,८००, ३३,६००, आणि १९९८ मध्ये ‘व्ही.९०’ या मानकाचा ५६,०००. या शेवटच्या आकड्याला एक अट होती. इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाच्या केंद्रापर्यंत सगळी वाट डिजिटल हवी, फक्त घरापर्यंतची तांब्याची जोडी जुन्या पद्धतीची चालेल. वाटेत कुठे ॲनालॉग दुवा असेल तर खोक्यावर ५६ छापलेला मोडेम ३३ च्या आतच बसे, आणि खरखरीच्या तारेवर तो वर चढायचा प्रयत्न करून करून कोसळे. मग ‘+एमएस’ या आज्ञेने त्याला मुद्दाम खालच्या वेगावर बांधून ठेवावे लागे. हळू पण टिकाऊ जोडणी वेगवान पण तुटणाऱ्या जोडणीपेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब डायल-अपच्या ग्राहकांना मिनिटांच्या बिलाने शिकवला.

‘+’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा मानकीकरणातून आल्या. एकेका अक्षराची नावे केव्हाच संपली होती आणि कंपन्यांचे आपापले अर्थ एकमेकांवर आदळत होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९५ मध्ये ‘व्ही.२५टर’ हे मानक काढले, पुढे त्याचेच ‘व्ही.२५०’ झाले. त्यात एक आज्ञा आहे ‘+जीसीआय’, म्हणजे मोडेम कोणत्या देशात आहे ते सांगणे. भारताचा क्रमांक सोळाच्या पायावर ५३, आइसलँडचा ५२ आणि इंडोनेशियाचा ५४ यांच्या मधोमध. ‘पी’, ‘&पी१’, ‘एक्स३’ अशा तुकड्यांनी जे हाताने शिकवावे लागे, ते या दोन आकड्यांत सामावले. तोवर विंडोजने आज्ञांवर पडदाही टाकला होता. डायल-अपच्या खिडकीत क्रमांक आणि परवलीचा शब्द तेवढे भरायचे. ओळ कुठेतरी आत तयार होई. जोडणी बिघडली, तरच दुरुस्तीवाला मोडेमच्या ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ या छोट्या चौकटीपर्यंत पोचे आणि तिथे जुनी गुटी टंकी. हेझ कंपनी यातले फारसे पाहायला राहिली नाही. दोनदा दिवाळखोरीत जाऊन ती १९९९ च्या जानेवारीत मोडीत निघाली.

टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम पुढे ब्रॉडबँडने घालवला, पण आज्ञा तोवर मोबाइलमध्ये शिरल्या होत्या. जीएसएम या मोबाइल मानकाच्या रचनाकारांनी फोनला संगणक जोडण्यासाठी नवी भाषा न करता ‘एटी’च वाढवली. संकेत किती जोरात आहे ते ‘+सीएसक्यू’ने विचारायचे, उत्तर ० ते ३१ मध्ये, ९९ आले तर ठाऊक नाही. इंटरनेटसाठी ‘*९९#’ डायल करायचे. हा कोणाचा फोन क्रमांक नव्हे, पण ‘डी’ या आज्ञेला पुढे काहीतरी हवेच असते. यूएसबी डोंगलच्या काळात बीएसएनएलचे सिम असेल तर त्याआधी ‘+सीजीडीकॉन्ट’ या आज्ञेत ‘बीएसएनएलनेट’ हे नाव द्यावे लागे. देशाचे, केंद्राचे, स्वराचे सगळे बारकावे गेले आणि उरला तो एवढा एक शब्द.

लघुसंदेशाच्या आज्ञेत मात्र भाषेचा प्रश्न नव्याने आला. ‘+सीएमजीएस’ ही संदेश पाठवण्याची आज्ञा. रोमन अक्षरांचा संदेश सात बिटांत बसतो आणि १६० अक्षरांपर्यंत जातो. देवनागरी त्या तक्त्यात नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. तमिळलाही तोच हिशेब. ही ७० चिन्हे मराठी अर्थाने अक्षरे नव्हेत. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘मोटर’ हा शब्द उच्चारात तीन अक्षरांचा, पण मोडेमला द्यायचा तर चार संकेत : ०९२ई, ०९४बी, ०९१एफ, ०९३०. जोडाक्षरांनी भरलेले वाक्य रोमन वाक्याच्या निम्म्यातच संपते.

मोटरचे उदाहरण उगाच नाही. शेतातला पंप दुरून चालू-बंद करणे हा महाराष्ट्रात या तंत्राचा मोठा उपयोग ठरला. वीज रात्री-अपरात्री येते, विहीर किंवा नदीकाठची मोटर घरापासून दूर असते, आणि बटण दाबायला अंधारात शिवार तुडवत जावे लागते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यासाठी केलेल्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या नवकल्पनांच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. त्यात शेतकरी मोटरजवळच्या फोनला कॉल करी आणि बटणांच्या स्वरांनी आज्ञा देई. ‘एटीडीटी’मधला ‘टी’ ज्या स्वरांचा, तेच हे स्वर. फक्त आता ते केंद्राऐवजी पंपाला उद्देशून. पुढे ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणून बाजारात आलेल्या इतर पेट्यांत सिम बसवलेला काडेपेटीएवढा जीएसएम मोडेम आणि त्याला आज्ञा देणारी एक चिप अशी जोडी सर्रास दिसते. चिप ‘+सीएमजीएफ=१’, म्हणजे संदेश साध्या मजकुरात दे, असे म्हणते, मोडेम ‘ओके’ म्हणतो; संदेश आला की तो वाचून चिप रिले ओढते.

टू-जीनंतर फोर-जीचे मोडेम आले तरी या संवादात फार बदल झालेला नाही. पेटी उघडून मोडेमच्या दोन तारा संगणकाला जोडणारा तंत्रज्ञ सर्वांत आधी नुसते ‘एटी’ टंकतो. यातले बरेच मोडेम वेग आपोआप ओळखण्याच्या स्थितीत कारखान्यातून येतात; पहिल्या ‘ए’च्या आरंभ-बिटाची लांबी मोजेपर्यंत ते काहीच बोलत नाहीत, म्हणून सुरुवातीची एकदोन ‘एटी’ वाया जातात आणि मग ‘ओके’ येतो.